माजाळीकरांची कोळंबी

माजाळीकरांना परदेशी भाषांतले कोळंबीचे नऊ शब्द येत होते. ते स्वतः दहा सांगत. या एका शब्दाचा फरक आमच्यात कधीच मिटला नाही. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरचे लोक कोळंबीला ‘क्राबे’ म्हणतात. पण हा शब्द मुळात खेकड्याचा, असं खुद्द माजाळीकरांनीच मला सांगितलं होतं. मग तो कोळंबीच्या नावावर धरायचा कसा? मी कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होतो. एका खात्यातला आकडा दुसऱ्या खात्यात दाखवणं मला आयुष्यात जमलं नाही.

“अहो हिशेबनीस,” ते म्हणत, “भुकेल्या माणसाला खेकडा काय नि कोळंबी काय! धरा दहा.”

मी नऊच धरत असे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमचं घर शाकाहारी, बेळगावकडचं. मी कोळंबी खाल्लेली नाही. तेव्हा चवीबद्दल पुढे जे येईल ते सगळं ऐकीव समजावं.

छप्पन साली मी नोकरीसाठी बंगलोरला आलो. मल्लेश्वरममध्ये एका घराचे मालकाने दोन भाग केले होते. पुढच्या भागात आम्ही, मागच्या भागात माजाळीकर, त्यांची पत्नी शालिनीताई आणि त्यांची आई. त्यांना मूलबाळ नव्हतं. कारवारकडे आईला आवय म्हणतात. माजाळीकर हाक मारत ती ऐकून गल्लीतल्या कन्नड बायकाही म्हातारीला ‘आवय’ म्हणू लागल्या होत्या. बहुतेकींना ते तिचं नावच वाटे. ती मात्र सगळ्या गल्लीची आई झाल्यासारखी ओ देई.

माजाळीकर आमच्याच सरकारी कारखान्यात दुभाषी होते. यंत्रं जर्मन होती, ती बसवायला आलेले फिटर जर्मन होते, आणि त्यांचं बोलणं आमच्या कामगारांना कळेल असं करणारा माणूस हा एकटाच. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पाय फाकून चालणारे. बसच्या दाराजवळची जागा कुणी घेतली असेल तर आत रिकामी जागा असूनही उभे राहत. घरात एकाही दाराला कडी लावत नसत. न्हाणीघराच्या तर नाहीच. आत असले की मोठ्याने गात. आवाज भसाडा होता, पण गल्लीला त्या गाण्याचा अर्थ ठाऊक होता, आणि गाणं थांबेपर्यंत कुणी तिकडे फिरकत नसे. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की म्हणत, “सुटलो बुवा. उद्या सकाळी पुन्हा धरतील.” आम्ही हसायचो. ते स्वतः हसत नसत.

त्यांना खरोखरच धरलं होतं. लढाईच्या काळात ते एका इंग्रजी मालवाहू बोटीवर कारकून होते. जर्मनांनी बोट बुडवली, खलाशी उचलले आणि उत्तर जर्मनीत, तारेच्या कुंपणात नेऊन ठेवले. तिथे त्यांची चार वर्षं गेली. जर्मन ते तिथेच शिकले, पहारेकऱ्यांकडून. म्हणून आमच्याकडे आलेल्या जर्मन साहेबांना त्यांची भाषा ऐकून हसू येई. कारखान्याचा मोठा जर्मन एकदा म्हणाला होता की हा माणूस व्याकरण चुकत नाही, पण बोलतो गोदीतल्या हमालासारखा. माजाळीकरांनी हे वाक्यसुद्धा इमानदारीने आमच्या मॅनेजरला भाषांतर करून सांगितलं.

छावणीत दहा-बारा देशांचे खलाशी होते. बटाट्याचं पातळ पाणी आणि काळा पाव एवढंच खायला. संध्याकाळची हजेरी झाली की माणसं फळ्यांवर पडून खाण्याबद्दल बोलत. बायकांबद्दल बोलणं पहिल्या वर्षी संपलं, असं माजाळीकर सांगत; खाण्याबद्दलचं शेवटपर्यंत पुरलं. प्रत्येक जण आपल्या आईच्या हातचा एक पदार्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा नियम होता. माजाळीकरांची पाळी आली की ते सुंगटांचं हुमण, म्हणजे ओल्या खोबऱ्यातलं कालवण, सांगत. कारवारकडे कोळंबीला सुंगट म्हणतात. पण सुंगट म्हणजे काय ते कुणाला कळेना. मग त्यांनी कोळशाने फळीवर चित्र काढलं. मिशा, वाकडी पाठ, शेपटीचा पंखा. आणि एकदम सगळी खोली ओरडायला लागली.

हा प्रसंग त्यांनी मला अनेकदा सांगितला. सांगताना मोजायला एकेक बोट दुमडत जात. “नॉर्वेचा इंजिनवाला म्हणाला, रेके. स्वीडनचा एक पोरगा होता, तो म्हणाला, रेका. डेन्मार्कवाला तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलायचा, त्याचं रायए. हे तिघे एकाच आईचे, ऐकूनच कळतं. डच माणूस घसा खरवडून म्हणाला, खार्नाल. तेवढ्यात दारातला पहारेकरी, बंदूक खांद्याला, तो आत वाकून म्हणतो, गार्नेले! त्याच्या मागचा दुसरा म्हणतो, आमच्या गावी ग्रानाट म्हणतात, आणि क्राबे पण. इंग्रजांचं श्रिम्प तर तुम्हालाही ठाऊक. आक्रसलेलं, सुरकुतलेलं, त्यातलाच शब्द. बघा, इंग्रजाने त्या बिचारीत तेवढंच पाहिलं.”

“आणि आइसलँडवाला?” मी विचारत असे, कारण विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत.

“तो सगळ्यांत शेवटी बोलला. नॉर्वेच्या बोटीवर होता. म्हणाला, रायक्या. मग म्हणाला, पण हा शब्द आमच्याकडे नॉर्वेवाल्यांबरोबर आला. आमच्या लोकांना ती धरायची कशी, खायची कशी, तेही त्यांनीच शिकवलं. आमचा जुना शब्द वेगळा. कांपालांपी.” इथे ते थांबत. “कांपा म्हणजे मिशा. काय शब्द आहे! तोंडात धरला तरी मिशा हलतात. त्या दिवसापासून आम्ही त्या माणसालाच कांपालांपी म्हणायला लागलो. त्यालाही मिशा होत्या, तांबड्या.”

तो आइसलँडवाला छावणीतच न्यूमोनियाने गेला. हे माजाळीकरांनी मला एकदाच सांगितलं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये आमच्या टेबलावर हुबळीचा रामण्णा असे. त्याची मराठी आमच्याइतकीच सफाईदार होती. फक्त शब्दांची लिंगं तो स्वतःच्या मर्जीने ठरवी. एकदा त्याने विचारलं, “माजाळीकर, एवढी नावं घेता, पण मी तुम्हाला मासळी खाताना बघितलोय, सिगडी खाताना कधी नाही. का हो?” सिगडी म्हणजे कन्नडमध्ये कोळंबीच.

तेव्हा आम्हाला नवसाची हकीकत कळली.

बोट बुडाल्यावर बरेच महिने घरी काहीच कळलं नव्हतं. कंपनीच्या मुंबईच्या माणसाने निरोप दिला होता की बहुधा कुणी वाचलं नाही. आवय विधवा, मुलगा एकुलता. ती गावच्या देवीपुढे जाऊन उभी राहिली आणि बोलली: माझा बाबू जिवंत परत येऊ दे, त्याच्या जिभेला पुन्हा सुंगट लागणार नाही. स्वतःचं काही सोडण्याऐवजी तिने मुलाचं सोडलं, तेही त्याचं सगळ्यांत आवडतं, कारण स्वस्तातला नवस देवी ऐकत नाही अशी तिची समजूत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत रेडक्रॉसकडून निरोप आला की बाबू कैदेत आहे, जिवंत आहे. मग तर प्रश्नच मिटला.

“म्हणजे मी तिकडे रोज संध्याकाळी सुंगटं जेवत होतो,” माजाळीकर म्हणाले, “आणि इकडे ती माझ्या पानातून काढून घेऊन मोकळी झाली होती. घरी पोचलो. पाय धुतले. पानावर बसलो. बांगडा वाढला. म्हटलं, आवय, सुंगटं खंय? तेव्हा सांगितलं तिने.”

मग रामण्णाने तोड काढली. “अहो, पण नवस कसला? सुंगटाचा! सिगडीचा नाही. देवी कारवारची. तिला कन्नड येत असेल म्हणा, शेजारच आहे. पण त्या आइसलँडची भाषा येते काय तिला? रायक्या म्हणून खाऊन टाका. स्वल्प तरी खा. देवीला काय समजते!”

“देवीला नसेल समजत,” माजाळीकर म्हणाले. “आवयला समजेल.”

त्यांचा देवावर विश्वास होता असं मला वाटत नाही. देवळात जात, पण चप्पल सांभाळायला बाहेर थांबत. मी त्यांना एकदा सरळ विचारलं, की विश्वास नाही तर पाळता कशाला? बाहेर एखाद्या खाणावळीत खाल्लं तर आवयला कळणार कसं? ते म्हणाले, “मी संध्याकाळी उशिरा आलो की ती दारात असते. विचारत काही नाही. फक्त बघते, आलाय की नाही. खाल्लं असतं तर मला तिच्यासमोरून आत जाता आलं नसतं.”

कारखान्यात क्लाउसेन नावाचा एक फिटर होता, उत्तर किनाऱ्यावरचा. त्याच्या घरून नाताळात एक डबा आला. त्याने रविवारी सकाळी माजाळीकरांना बंगल्यावर बोलावलं. मी सायकलवर बरोबर होतो म्हणून मलाही आत घेतलं. त्याने टेबलावर कापड अंथरलं आणि डबा उघडला. आत मीठपाण्यात गुलाबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळंबी होती. “ग्रानाट!” तो म्हणाला आणि माजाळीकरांच्या पाठीवर थाप मारली. माजाळीकरांनी सावकाश, त्यांच्या हमाली जर्मनमध्ये, नवस समजावून सांगितला. क्लाउसेन आधी मोठ्याने हसला. मग त्याने विचारलं, आई जिवंत आहे? आहे. तुझ्या घरात आहे? माझ्या घरात आहे. त्याने डब्याचं झाकण परत दाबून बसवलं. माजाळीकर म्हणाले, “अरे, तू खा की.” तो म्हणाला, “एकट्याने काय खायचं.” मग दोघं बीअर प्याले, आणि मी लिंबाचं सरबत. परत येताना माजाळीकर सायकल हातात धरून चालत आले. मला म्हणाले, “हिशेबनीस, तारेच्या कुंपणाला भोक तरी पाडता येतं.”

नवसातून सुटायला एक वाट असते. ज्याने नवस बोलला त्याने देवीसमोर उभं राहून कौल मागायचा. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीची परवानगी, डावीकडची पडली तर नकार. पण मागायचा तो नवस बोलणाऱ्यानेच. दुसऱ्याला तो हक्क नाही. माजाळीकर तीन-चार वर्षं आवयच्या मागे लागले होते. शालिनीताईंनीही समजावलं. शेवटी साठ साली ती तयार झाली. मायलेक रेल्वेने हुबळी, तिथून बसने घाट उतरून गावी गेले. जाताना माजाळीकर आमच्या दाराशी येऊन आमच्या हिला म्हणाले, “वहिनी, परत आलो की तुमच्या शाकाहारी नाकाला जरा त्रास होणार आहे. आधीच माफी मागून ठेवतो.” इतके खुशीत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

परत आले तेव्हा पिशवीत शहाळी आणि केळी होती. मी विचारलं, “डावी पडली?”

“पाकळ्या लावल्या,” ते म्हणाले. “गुरवाने विचारलं, आजी, काय मागणं? ही हात जोडून म्हणते, माझ्या लेकाला सुखी ठेव. गुरव म्हणतो, ते ठीक, पण कौल कशाचा? तर म्हणते, कशाचा नाही, दर्शनाला आले होते. आणि फिरली पाठमोरी.”

“का?”

“तेच विचारलं मी तिला बसमध्ये. म्हणाली, डावी पडली असती तर तू रागावला असतास. उजवी पडली असती तर मी काय केलं असतं? तू त्या सुंगटांवर परत आलायस. देवीने ती परत केली, म्हणजे तुलाही परत मागेल.”

मी व्यवहार समजणारा माणूस आहे. दिलेला माल परत घेतला की किंमतही परत करावी लागते, हे मला समजत होतं. अडचण एवढीच होती, की हा तिच्या बाजूने बरोबर हिशेब होता आणि त्यात माजाळीकर अडकले होते.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. कँटीनमध्ये नवीन पोरं आली की रामण्णा त्यांना म्हणायला लावी, “माजाळीकर, ती नावं सांगा की.” ते सांगत, पण बोटं दुमडत नसत. पाठ केलेला पाढा म्हणावा तसं.

मग आवय विसरायला लागली. आधी चूल पेटवून विसरे, मग शालिनीताईंचं नाव. कधी कधी संध्याकाळी पुढच्या दारात येऊन आम्हाला विचारी, “बस आयली?” पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. आमच्या रेडिओवर दिवसभर बातम्या असत, आणि मागच्या भागात त्या स्पष्ट ऐकू जात. लढाई हा शब्द तिच्या कानी पडला, आणि मधली वीस वर्षं पुसली गेली. तिला वाटू लागलं, बाबू अजून बोटीवर आहे. घरात वावरणारा पांढऱ्या केसांचा माणूस तिला कुणी दूरचा नातेवाईक वाटे. ती त्याच्याशी अदबीने वागे. “तुमका चा जाय?” असं विचारी. माजाळीकर तिला समजावत, आवय, मीच बाबू. ती हसे. बाबू काळ्याभोर केसांचा होता.

तिने जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले, काहीही चालेल, पण पोटात जाऊ द्या. ती तोंड मिटून बसे आणि एकच मागे. सुंगटं. जिने घरातून कोळंबी हद्दपार केली तीच सुनेला दटावू लागली, की घरात सुंगटं आहेत आणि तू लपवून ठेवतेस. नवस तिला आठवतच नव्हता. तो आता एकट्या माजाळीकरांना आठवत होता.

नेमकी त्याच दिवसांत आमची हैदराबादला बदली झाली होती. रविवारी दुपारी आम्ही सामान बांधून बसलो होतो, तर माजाळीकर दारात. हाताला मासळीचा वास. सकाळी शिवाजीनगरच्या मार्केटात जाऊन, मंगळूरकडून बर्फातून येते ती कोळंबी त्यांनी आणली होती. “वहिनी,” ते म्हणाले, “आमसुलं आहेत का? आमची संपलीत. हुमणाला पाहिजेत.”

आमसुलाचा डबा खोक्यात तळाशी गेला होता. आमच्या हिने खोकं सोडलं. ते तोवर थांबले नाहीत, गॅलरीतून परत गेले. आमसुलं घेऊन मी मागे गेलो.

हुमण त्यांनी स्वतःच केलं. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा एकेक करून काढला होता. ओलं खोबरं आणि सुकी मिरची पाट्यावर वाटलेली होती. शालिनीताई बाजूला उभ्या होत्या. मला तो वास सोसत नव्हता, पण मी निघालो नाही. माजाळीकरांनी भात कालवला, थाळी घेऊन आवयच्या खाटेशी बसले आणि तिला भरवू लागले. ती खात होती. भराभर खात होती. चावताना तिचा चेहरा सुटत गेला. शालिनीताईंनी पदराने डोळे पुसले आणि मला वाटलं, काम झालं.

चार-पाच घास झाल्यावर आवयने थाळी स्वतःकडे ओढली. एक मोठं सुंगट निवडलं, भातात गुंडाळलं आणि त्यांच्या तोंडापुढे धरलं. “खा.”

“मागीर खातां, आवय. तू खा.”

“खा रे.”

त्यांनी तोंड जरासं बाजूला केलं. म्हातारीचा हात तसाच. ती त्यांच्याकडे निरखून पाहत होती.

“कोण तू?” तिने विचारलं.

“बाबू.”

“न्हय,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चूक दाखवावी तशी ती सांगत होती. “बाबू सुंगटां सोडी ना.” मग ती माझ्याकडे वळली. मी तिला कोण वाटलो ते देवाला ठाऊक. कुणी सरकारी माणूस, बहुधा. म्हणाली, “साहेब, हा माझा बाबू नाही. माझा बाबू त्यांनी धरून नेलाय. अजून सोडला नाही हो.” आणि तिला रडू फुटलं. हात अजून वरच होता, आणि हुमण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

माजाळीकरांनी एकदा शालिनीताईंकडे पाहिलं. त्यांनी काही सुचवलं असं मला दिसलं नाही. मग ते पुढे वाकले आणि आईच्या हातातला घास त्यांनी तोंडात घेतला.

त्यांनी तो खूप वेळ चावला. डोळे मिटलेले होते. आवय रडायची थांबली. तिने उष्ट्या हाताने त्यांचा गाल चाचपला, मग जबडा, चावताना हलणारा.

“केन्ना आयलो?” तिने विचारलं.

“आतांच,” ते म्हणाले.

ती दुसरा घास कालवायला लागली.